शिडाच्या छोट्या होडीवर नांगराचं सामान बसवताना

होडी घेतली की नांगर कोणता घ्यायचा यावर लोक तासन्‌तास बोलतात. वजन किती, चिखलात धरतो की वाळूत, साखळी किती मीटर. ते बोलायलाच हवं. पण नांगर तळाशी घट्ट रुतला की सगळी ओढ दोरावरून वर येते आणि डेकवरच्या मोजक्या वस्तूंवर येऊन थांबते: पुढच्या टोकावरचा, दोर ज्यावरून बाहेर जातो तो रोलर, दोर बांधायची क्लीट आणि त्यांना धरून ठेवणारे बोल्ट. वीस ते तीस फुटांच्या कितीतरी जुन्या होड्यांवर या वस्तू धक्क्याला होडी बांधण्यापुरत्याच बसवलेल्या असतात. रात्रभर नांगरावर राहायचं तर त्या पुन्हा, नीट बसवाव्या लागतात. हे काम साध्या हत्यारांनी दोन माणसांत होतं. घाई मात्र चालत नाही, कारण मध्ये दोनदा इपॉक्सी (कडक होणारी चिकट राळ) सुकायची वाट बघावी लागते.

ओढ किती, आणि ती कुठे जाते

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की होडीवरचा जोर चौपट होतो. दुपारी १५ नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वाऱ्यात क्लीटने छान धरलं म्हणून रात्री ३० नॉटमध्येही ती धरेल, असं समजू नका. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या तक्त्यात २५ फुटी होडीसाठी १५ नॉटला सुमारे ५७ किलो, ३० नॉटला सुमारे २२० किलो आणि ४२ नॉटला सुमारे ४४५ किलो ओढ धरली आहे. ३० फुटी होडीला हेच आकडे साधारण ८०, ३२० आणि ६३५ किलोंवर जातात. हा तक्ता लाटांपासून बऱ्यापैकी आडोसा आहे असं धरून चालतो. उघड्यावर होडीचं नाक लाटेवर उसळलं आणि दोर एकदम ताठ झाला, तर त्या क्षणाचा हिसका याहून बराच मोठा असतो.

आता बोल्टकडे बघा. ८ मिमीचा, ए४-७० प्रतीचा स्टेनलेस बोल्ट सरळ ओढून तोडायला अडीच टनांच्या आसपास जोर लागतो. असे चार बोल्ट असतील तर छोट्या होडीवर ते तुटण्याचा प्रश्नच येत नाही. बोल्ट शाबूत राहतात आणि डेकचा तुकडा घेऊन उपटून येतात. कारण ८ मिमी बोल्टच्या साध्या वॉशरखाली डेकचा जेमतेम दीड चौरस सेंटीमीटर भाग येतो, चार वॉशर मिळून सहा. त्याच जागी डेकच्या खालून २५ बाय १२ सेंटीमीटरची पाटी लावली तर तोच जोर ३०० चौरस सेंटीमीटरवर पसरतो. सदऱ्याच्या बटणामागे आतून कापडाची ठिगळी लावतात, तसंच हे. म्हणून माझं ठाम मत आहे की वर दिसणाऱ्या चकचकीत सामानावर जेवढा वेळ घालवाल, त्याच्या दुप्पट वेळ खालच्या, न दिसणाऱ्या बाजूवर घालवा.

सामान निवडताना

क्लीटची लांबी दोराच्या जाडीच्या साधारण सोळा पट असावी. १२ मिमीचा दोर असेल तर १९० ते २०० मिमीची क्लीट लागते. त्याहून छोट्या क्लीटवर दोराचे पुरेसे वेढे बसत नाहीत आणि रात्री ओल्या हातांनी ते सोडवणं त्रासाचं होतं. दोन बोल्टची क्लीट नांगरासाठी घेऊ नका, चार बोल्टचीच घ्या. धातू ३१६ प्रतीचं स्टेनलेस किंवा चांगलं ओतीव अ‍ॅल्युमिनियम असू दे. स्वस्तातल्या, वरून मुलामा दिलेल्या जस्ताच्या मिश्रधातूच्या क्लीटही मिळतात. त्या खाऱ्या हवेत फुगतात आणि एक दिवस कानाशी, म्हणजे दोर गुंडाळायच्या टोकाशी, मोडतात.

बोल्ट, नट आणि वॉशर सगळे ३१६ चेच घ्या. बोल्टची लांबी मोजताना क्लीटचा पाया, डेक, खालची पाटी, वॉशर आणि नट यांची जाडी मिळवा आणि नटाबाहेर दोन-तीन आटे शिल्लक राहतील एवढी ठेवा. लाकडात घालायचे स्क्रू नांगराच्या कुठल्याही सामानाला वापरायचे नाहीत. आधीच्या मालकाने वापरलेले दिसले तर त्याच दिवशी काढून टाका.

रोलर बघताना तीन गोष्टी बघा. एक, दोन्ही बाजूंचे गालपट्टे जाड आणि कडा गोल वळवलेल्या हव्यात. नांगरावर होडी एका जागी स्थिर राहत नाही, डावी-उजवीकडे झोकांड्या खात राहते, आणि प्रत्येक झोकांडीला दोर रोलरवरून सरकून गालपट्ट्याच्या कडेवर घासतो. कडेवरून अंगठा फिरवून बघा. अंगठ्याला बोचलं तर दोराला रात्रभर बोचणार. कानस आणि पॉलिश पेपर घेऊन ती कड गोल करता येते, पण गालपट्टाच पातळ पत्र्याचा असेल तर गोल करायला काही उरत नाही. दुसरं, रोलरच्या वरून आडवी जाणारी खीळ किंवा कडी हवी. लाटेत नाक खाली गेलं की दोर क्षणभर ढिला पडतो आणि वर उडी मारून रोलरच्या बाहेर पडू शकतो. तिसरं, साखळी वापरणार असाल तर रोलरच्या मध्यभागी तिच्यासाठी खाच हवी, नाहीतर कड्या लोळतात आणि साखळीला पीळ पडतो.

आधी पुठ्ठा, मग ड्रिल

होडीवर जाताना पहिल्या दिवशी ड्रिल नेऊच नका. जाड पुठ्ठा, पेन्सिल, मास्किंग टेप आणि खरा नांगर घेऊन जा.

पुठ्ठ्यातून रोलर आणि क्लीटच्या पायाचे आकार कापा आणि डेकवर चिकटवा. मग नांगर जिथे टेकणार तिथे धरून बघा, शक्यतो दुसऱ्या माणसाच्या मदतीने. नांगराचा दांडा जिब म्हणजे पुढचं शीड गुंडाळायच्या ड्रमला लागतो का? नांगर वर खेचताना त्याचं पातं उलटं फिरून होडीच्या नाकावर आपटतं का? होड्यांच्या नाकावर गेलकोटचे, म्हणजे फायबरग्लासवरच्या चकचकीत थराचे, जे टवके उडालेले दिसतात, ते बऱ्याचदा याच कारणाने. रोलर आणखी चार-पाच सेंटीमीटर पुढे घेतला की बऱ्याचदा हा प्रश्न सुटतो.

पण रोलर जितका पुढे, तितकी तरफ लांब. दोर खाली ओढतो तेव्हा रोलरच्या पट्टीचा पुढचा भाग खाली दबतो आणि मागचे बोल्ट वर उपटायला बघतात. म्हणून पट्टी डेकच्या बाहेर जेवढी जाईल त्याच्या किमान दीडपट ती डेकवर, बोल्टांत धरलेली असावी असं मी मानतो. दुप्पट असेल तर आणखी चांगलं. जागा नसेल तर रोलर मागे घ्या आणि छोटा किंवा वेगळ्या घडणीचा नांगर निवडा.

पुढच्या टोकावर आधीच एक धातूची जोडणी असते, तिला फोरस्टे म्हणजे डोलकाठीला पुढून धरणारी तार अडकवलेली असते. तिचेच बोल्ट काढून त्यांत रोलर अडकवायचा मोह होतो. होडी बनवणाऱ्याने तशी सोय केलेली नसेल तर तो मोह टाळा. नांगराच्या हिसक्यांनी ते बोल्ट सैल झाले तर प्रश्न नांगरापुरता उरत नाही, डोलकाठीच जाते.

आता क्लीट. ती रोलरच्या सरळ रेषेत मागे असावी, म्हणजे दोर मध्ये कशालाही न घासता, न वळता येईल. एकच मधोमध क्लीट बसवण्यापेक्षा दोन्ही बाजूंना एकेक बसवली तर दुसरा नांगर किंवा स्नबर (साखळीचा हिसका पिणारा नायलॉनचा दोर) लावायला जागा मिळते. अशा वेळी दोर थोडा तिरका जातो. तो गालपट्ट्यावर किती दाबतो ते एक दोरी लावून बघून घ्या. क्लीट ओढीच्या रेषेशी अगदी समांतर न ठेवता १० ते १५ अंश तिरकी ठेवा. समांतर ठेवली तर दोराचे वेढे एकमेकांवर चढून आवळतात आणि ओढीखाली सोडवता येत नाहीत. तिच्या चारी बाजूंनी मुठीसकट हात फिरेल एवढी जागा सोडा. गुडघे टेकून, ओल्या डेकवर बसून प्रत्यक्ष दोर बांधायची नक्कल करा. पाय कुठे राहतात, टेकायला काय मिळतं, हे तेव्हाच कळतं.

डेकच्या पोटात काय आहे

आता खाली, पुढच्या खणात उतरा. टॉर्च घ्या. जिथे बोल्ट उतरणार तिथे आडवी भिंत, वायर, पाण्याची नळी किंवा डेक आणि हल (होडीचं खालचं कवच) यांचा सांधा येतो का ते बघा. पाना घालून फिरवायला जागा आहे का हे हात घालूनच कळतं, नुसतं बघून नाही. आतून छताला प्लास्टिकचं किंवा फायबरचं वेगळं अस्तर असेल तर खरा डेक त्याच्या वर असतो. पाटी त्या अस्तराला लावून उपयोग नाही. तिथे अस्तर कापून खऱ्या डेकपर्यंत पोहोचावं लागतं.

फायबरग्लासचा डेक दोन प्रकारचा असतो. काही भाग सलग घट्ट असतो. बाकीचा भाग मात्र दोन पातळ थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा फोम भरून बनवलेला असतो. या मधल्या भरावाला कोअर म्हणतात. त्यामुळे डेक हलका आणि ताठ होतो, पण बोल्टसाठी ही जागा वाईट. नट कसला की कोअर दबतो, आणि भोकातून पाणी आत शिरलं की बाल्सा कुजत जातो. ते वरून काहीच दिसत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डेकवर ठकठक करत जा. कोरड्या, धडधाकट जागी खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या किंवा थर सुटलेल्या जागी तो बसका होतो. बसका आवाज मोठ्या भागात येत असेल तर सामान बसवायचं काम थांबवा. आधी डेक दुरुस्त करा.

खात्री करायला ठरलेल्या एका बोल्टच्या जागी ३ मिमीचं भोक पाडा आणि ड्रिलच्या पात्यावर आलेला भुसा बोटांत चुरडून बघा. फिका, कोरडा भुसा आला तर ठीक. काळपट आणि दमट आला तर पाणी आत पोहोचलेलं आहे. त्याच भोकातून एक वाकवलेली तार खाली घालून गोल फिरवली तर खाली कशाला अडते का तेही कळतं.

भोकं पाडणं आणि कोअर बंद करणं

या सगळ्या कामाचा जीव या टप्प्यात आहे. इथे चार तास जास्त गेले तर जाऊ द्या.

चष्मा आणि धुळीचा मास्क लावा, फायबरग्लासची धूळ फुफ्फुसांना आणि डोळ्यांना वाईट. डेकवर मास्किंग टेप लावा आणि टेपवरच क्लीटची भोकं आखा. चारही भोकं एकदम पाडू नका. एक पाडा, बोल्ट घाला, क्लीट जागेवर बसवा, आणि तिच्याच पायातून बाकीच्यांची खूण करा. असं केलं की शेवटचा बोल्ट तिरका जायची वेळ येत नाही. ड्रिल सुरू करताना पहिले काही फेरे उलटे फिरवा. त्याने गेलकोट घासून कापला जातो, टवके उडत नाहीत. ड्रिल उभं आहे की नाही हे शेजारी गुण्या उभा धरून बघा.

डेक सलग घट्ट असेल तर या आणि पुढच्या परिच्छेदाची गरज नाही. कोअर असेल तर असं करा. ८ मिमीच्या बोल्टसाठी वरचा थर आणि कोअर पार करून १८ ते २० मिमीचं भोक पाडा, पण खालचा थर तसाच राहू द्या. ड्रिलवर टेप गुंडाळून खोलीची खूण केली की अंदाज चुकत नाही. ज्यांना वरून मोठं भोक नको असेल त्यांनी बोल्टच्या मापाचंच भोक पाडावं आणि एक खिळा काटकोनात वाकवून, त्याचं डोकं कापून तो ड्रिलमध्ये लावावा. तो भोकात घालून हळूहळू फिरवला की दोन थरांमधला कोअर चहूबाजूंनी सेंटीमीटरभर खरवडला जातो. मला ही दुसरी रीत जास्त आवडते, कारण वरचा थर शाबूत राहतो. आतला भुसा व्हॅक्यूमने किंवा वाकड्या तारेने पूर्ण काढा.

खालचं तोंड टेपने बंद करा. आधी पातळ, काहीही न मिसळलेलं इपॉक्सी आत सोडा आणि कोअरच्या कडांना पिऊ द्या. थोड्या वेळाने सिलिकाची पूड घालून इपॉक्सी इतकं दाट करा की काडीने उचलल्यावर त्याचं टोक उभं राहील. ते सिरिंजने खालून वर भरत या, म्हणजे हवा अडकत नाही. पोकळी मोठी असेल तर दोन वेळांत भरा, कारण एकाच वेळी खूप इपॉक्सी घट्ट होताना ते तापतं आणि भेगा पडू शकतात. हवामानाप्रमाणे एक रात्र ते एक दिवस जाऊ द्या. नखाने खूण उमटत नाही इतकं कडक झालं की मग बरोबर मध्यात बोल्टच्या मापाचं भोक पुन्हा पाडा. आता बोल्ट कडक इपॉक्सीच्या नळकांड्यातून जातो. नट कितीही कसला तरी डेक दबत नाही, आणि उद्या सीलंटने (फटीतून पाणी येऊ न देणाऱ्या मसाल्याने) दगा दिला तरी पाणी कोअरपर्यंत पोहोचत नाही.

शेवटी प्रत्येक भोकाची वरची कड काउंटरसिंकच्या पात्याने दोन-तीन मिमी उतरती करा. ही छोटीशी वाटी सीलंटसाठी आहे. ती नसेल तर कसताना सगळं सीलंट बाहेर पिळलं जातं आणि बोल्टच्या भोवती काहीच उरत नाही.

बॅकिंग प्लेट

डेकखालच्या पाटीला कामकरी लोक बॅकिंग प्लेटच म्हणतात. ती कशाची करायची यावर मतं वेगळी आहेत. ६ ते १० मिमी जाडीची फायबरग्लासची तयार पाटी मला सगळ्यांत पसंत. ती गंजत नाही, कुजत नाही आणि कापायला सोपी. १२ मिमी किंवा जास्त जाडीचं मरीन प्लायवूडही चालतं, पण त्याच्या सगळ्या बाजू, कडा आणि भोकांच्या आतल्या भिंतींनासुद्धा इपॉक्सी पाजावं लागतं. ६ मिमीचं अ‍ॅल्युमिनियम ताकदीला उत्तम. मात्र साखळीच्या ओल्या खणात स्टेनलेस बोल्टशेजारी त्याला पांढरी बुरशीसारखी गंज चढते. ३-४ मिमीचं स्टेनलेसही उत्तम, फक्त कापायला त्रास.

पाटी क्लीटच्या पायापेक्षा चहूबाजूंनी तीन ते पाच सेंटीमीटर मोठी असावी. कोपरे गोल करा आणि वरची कड थोडी उतरती करा. चौकोनी, धारदार कोपऱ्यापाशी जोर एकवटतो आणि डेकला तिथून तडा जातो.

डेकची खालची बाजू कधीच सपाट नसते. कापडाच्या गाठी, राळेचे ओघळ आणि वरून डेकला असलेला बाक. त्यावर सपाट पाटी लावून नट कसला तर ती दोन-तीन उंचवट्यांवरच टेकते. म्हणून खालची बाजू जाड पॉलिश पेपरने घासा, पुसा, पाटीवर दाट इपॉक्सीचा थर द्या आणि ती जागेवर दाबा. बोल्टना मेण किंवा ग्रीस फासून ते हलकेच कसा, पाटी जागेवर धरण्यापुरते. कडांतून इपॉक्सी सगळीकडून बाहेर आलं म्हणजे पाटी पूर्ण टेकली. ते बोटाने पुसून घ्या. सुकल्यावर बोल्ट काढा. आता पाटी आणि डेक एकजीव झाले.

सीलंट आणि कसणं

सीलंट लावायच्या आधी सगळं एकदा कोरडंच जोडून बघा. बोल्ट हाताने सरकतात का, नटाबाहेर आटे शिल्लक राहतात का, पाना फिरतो का.

डेकवरच्या सामानासाठी मी ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टी, सुचवते. ती कधी कडक होत नाही, वर्षानुवर्षं मऊ राहते आणि सामान पुन्हा काढायचं झालं तर डेक खराब होत नाही. पॉलिसल्फाइडही चांगलं, पण काही प्लास्टिकना ते खातं, त्यामुळे प्लास्टिकच्या सामानाला लावू नका. पॉलीयुरेथेनचे कडक प्रकार चिकटतात ते कायमचे. क्लीट काढताना गेलकोटच उचलला जातो. सिलिकॉन इथे नकोच. त्याचा पातळ अंश डेकवर राहून जातो आणि पुढे त्या जागी ना रंग धरतो ना दुसरं सीलंट.

डेक आणि क्लीटचा पाया अल्कोहोलने पुसून कोरडे करा. ब्यूटाइलची पट्टी पायाखाली पसरा आणि प्रत्येक बोल्टच्या भोवती, पायाच्या खालच्या बाजूला, छोटा शंकू वळून लावा, म्हणजे तो त्या उतरत्या वाटीत जाऊन बसेल. सीलंट फक्त वरच्या बाजूला लावायचं. खालून, नटापाशी लावलं तर वरून शिरलेलं पाणी बाहेर पडू शकत नाही आणि आत मुरतं. शिवाय गळती आहे हे कळायचा एकमेव मार्गही आपणच बंद करतो.

आता दोन माणसं लागतात. वरच्याने बोल्टचं डोकं घट्ट धरायचं, अजिबात फिरू द्यायचं नाही. खालच्याने नट फिरवायचा. बोल्ट फिरला तर त्याच्या भोवतीचं सीलंट मोडतं. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर वेगाने फिरवला तर आटे एकमेकांत चिकटून कायमचे जाम होतात, म्हणून आट्यांना अँटीसीझ लावा आणि हातानेच, सावकाश फिरवा. मोठा वॉशर, मग आत नायलॉनची कडी असलेला स्टेनलेसचा नट. चारही नट आलटून-पालटून, थोडे थोडे कसा. ब्यूटाइल हळूहळू पिळून बाहेर येतं, त्याला वेळ द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाव फेरा, तिसऱ्या दिवशी पुन्हा, थंडीत आणखी एखादा दिवस. बाहेर आलेलं ब्यूटाइल प्लास्टिकच्या पट्टीने कापून काढा.

रोलरही याच पद्धतीने बसतो. फरक एवढाच की त्याच्या मागच्या बोल्टखाली पाटी सगळ्यांत मोठी हवी, कारण उपटायचा जोर तिथेच येतो.

दोराचं शेवटचं टोक

नांगराचा दोर संपतो तिथे, खणाच्या आत, तो कशाला तरी बांधलेला हवा. यू-बोल्ट आडव्या भिंतीतून आरपार घाला आणि मागे पाटी लावा. साखळी थेट त्याला शॅकलने (खिळीने बंद होणाऱ्या कडीने) जोडू नका. मध्ये दोरीचा तुकडा बांधा, एवढा लांब की सगळी साखळी बाहेर गेली तरी दोरीचा भाग डेकवर येईल. अडचणीत नांगर सोडून निघायची वेळ आली तर ती दोरी सुरीने कापता येते. शॅकलच्या खिळीला तार गुंडाळून ती फिरणार नाही अशी बांधा, इकडचीही आणि नांगराकडचीही.

खणाला समुद्राकडे उघडणारं पाणी जायचं भोक असतं. ते चिखलाने बुजलेलं असतं बहुतेक वेळा. सामान बसवताना खण मोकळाच आहे, तेव्हा साफ करून घ्या.

साखळी वापरत असाल तर तिचा ताण क्लीटवर थेट देऊ नका. कड्या क्लीट खरवडतात आणि साखळी ताणली जात नसल्याने प्रत्येक हिसका सरळ बोल्टांवर येतो. तीन पिळांच्या नायलॉन दोराचा स्नबर साखळीला हुकाने अडकवा आणि तो क्लीटवर बांधा. नायलॉन ताणलं जातं आणि हिसका पितं. रोलरपाशी घासणाऱ्या भागावर चामडं किंवा जाड रबरी नळी चढवा.

विद्युत विंडलासबद्दल, म्हणजे नांगर वर खेचायच्या यंत्राबद्दल, नेहमी विचारतात. २५-२६ फुटांपर्यंत आणि दहा किलोच्या आतल्या नांगराला मला त्याची गरज वाटत नाही. बसवलंच तर ते नांगर वर घेण्यासाठी आहे हे लक्षात ठेवा. रात्रीची ओढ तेव्हाही क्लीटनेच घ्यायची.

वापरून बघताना

सर्वांत आधी पाणी. डेकखाली प्रत्येक नटाभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळा, वरून पाच-दहा मिनिटं पाइपने पाणी सोडा आणि खाली जाऊन कागद चाचपा.

मग शांत दिवशी, मोकळ्या जागी नांगर टाका. दोर किती सोडायचा ते मोजताना पाण्याच्या खोलीत भरतीची वाढ आणि पाण्यापासून रोलरची उंचीही मिळवा. खोली ४ मीटर, भरतीने २ मीटर वाढणार, रोलर १ मीटर उंच: एकूण ७. या बेरजेच्या सातपट दोर सोडायचा, म्हणजे ४९ मीटर. नुसत्या ४ मीटरच्या सातपट २८ मीटर सोडलात तर भरतीला ते प्रमाण चारपटीवर येतं, दोर जास्त उभा होतो, नांगर उचलला जातो आणि रोलरवरचा खालचा दाबही वाढतो.

क्लीटवर दोर बांधताना तो आधी ओढीपासून लांबच्या कानाकडे न्या आणि पायाभोवती एक पूर्ण वेढा द्या. ओढ पायाशी, डेकच्या जवळ राहिली की मागचे बोल्ट कमी उपटले जातात. दोर कानांच्या टोकाशी उंच बांधला तर तीच क्लीट तरफेसारखी वागते. त्यानंतर दोन-तीन आठच्या आकाराचे वेढे आणि शेवटी एक अडकवणी.

क्लीटच्या पायाभोवती डेकवर पेन्सिलची बारीक रेघ काढा. इंजिन रिव्हर्समध्ये घाला आणि हळूहळू जोर वाढवा. एकाने वरून रेघ बघायची, दुसऱ्याने खाली टॉर्च धरून पाटीच्या कडा. पाया रेघेवरून सरकला, डेक फुगला, किंवा गेलकोटवर बोल्टपासून फाकणाऱ्या केसासारख्या भेगा दिसल्या तर इंजिन बंद करा आणि पुन्हा बॅकिंग प्लेटपासून सुरुवात करा. कडकड आवाज एकदाच आला आणि थांबला तर बहुधा इपॉक्सीचा ओघळ मोडला असेल, पण बघितल्याशिवाय तसं धरून चालू नका.

प्रवासात नांगर रोलरवर असेल तर खीळ घालाच, आणि वरून एक दोरीही बांधा. खीळ एकटी असेल तर ती लाटेत निसटू शकते, आणि चालत्या होडीतून नांगर सुटला तर तो पुढच्या भागाला ठोकत जातो.

पहिल्या महिन्यानंतर नट पुन्हा तपासा, मग दर मोसमाच्या सुरुवातीला. बोल्टच्या डोक्याखालून तपकिरी ओघळ दिसला तर पाणी आत शिरतंय असं समजा. स्टेनलेसला हवा मिळाली नाही आणि ओल मात्र मिळत राहिली की ते आतून, न दिसणाऱ्या ठिकाणी खात जातं. असा बोल्ट पुसून तसाच ठेवू नका. काढा, दांड्यावर खड्डे पडलेत का बघा, पडले असतील तर बदला, आणि नव्या ब्यूटाइलसकट परत बसवा.